कार्बनचे नॅनोकण आणि सजीव पेशी : कांद्याच्या मूलाग्राची साक्ष

द्राक्ष आणि कांदा ही नाशिक जिल्ह्याची दोन प्रमुख नगदी पिके होत. पिकाची वाढ साधणाऱ्या कोणत्याही नव्या द्रव्याविषयी येथील बागायतदारांस स्वाभाविकपणे कुतूहल असते. २०२१ साली केंद्र सरकारने द्रवरूप नॅनो युरियाला खत नियंत्रण आदेशाखाली मान्यता दिल्यापासून 'नॅनो' हा शब्द शेतकऱ्यांच्या बोलण्यात रुळला आहे. नॅनो युरियाचा कार्बनच्या नॅनोकणांशी संबंध नाही. तथापि वनस्पतींची वाढ उद्दीपित करण्याच्या कामी हे कण वापरता येतील काय, या प्रश्नावर जगातील अनेक प्रयोगशाळांत संशोधन झाले आहे. हे कण वनस्पतीच्या पेशीत कसे शिरतात, तेथे काय करतात, आणि झाड जोमाने वाढले म्हणजे त्याची पेशी सुखरूप आहे असे समजावे काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. कणांची ओळख

एक नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांस नॅनोकण म्हणतात. कार्बनचे असे कण मनुष्याला सर्वस्वी नवे आहेत असे नाही. दिव्यावर धरलेल्या काजळीतही ते असतात. मेणबत्तीच्या काजळीपासून प्रकाशमान नॅनोकण मिळविता येतात, हे २००७ मध्ये दाखविण्यात आले. नवी आहे ती त्यांची निश्चित रचना जाणून ते हेतुपुरस्सर तयार करण्याची विद्या. १९८५ मध्ये क्रोटो, स्मॉली व कर्ल यांनी साठ कार्बन-अणूंचा चेंडूसारखा रेणू, म्हणजे फुलरीन, शोधून काढला व त्याबद्दल त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या रेणूचा व्यास सुमारे ०.७ नॅनोमीटर आहे. १९९१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनलिकांचे वर्णन केले. एकपदरी नलिकेचा व्यास सामान्यतः एक-दोन नॅनोमीटर, तर बहुपदरी नलिकेचा काही दशक नॅनोमीटरपर्यंत असतो. लांबी मात्र व्यासाच्या शेकडो पट असू शकते. २००४ नंतर दहा नॅनोमीटरहून लहान असे 'कार्बन-बिंदू' अभ्यासात आले. चेंडू, नळी आणि बिंदू या तिन्हींत मूलद्रव्य एकच असले, तरी पेशीशी त्यांचे वर्तन भिन्न असते, हे प्रारंभीच ध्यानी ठेवले पाहिजे.

२. पेशीत प्रवेश

वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची भित्ती असते आणि तिच्या आत पेशीपटल असते. भित्तीतील छिद्रे काही नॅनोमीटर व्यासाची असल्यामुळे मोठे कण व कणांचे पुंजके बाहेरच अडतात. बारीक नलिका मात्र टोकाच्या बाजूने आत शिरू शकते. तंबाखूच्या पेशींवर २००९ मध्ये झालेल्या प्रयोगांत एकपदरी नलिका भित्ती व पटल ओलांडून आत गेल्याचे दिसले, इतकेच नव्हे तर स्वतःबरोबर त्यांनी इतर रेणूही वाहून नेले. पेशीपटल आत दुमडून बाहेरील द्रव सामावून घेते. त्या क्रियेतून हा प्रवेश होत असावा, असे अनुमान काढण्यात आले.

त्याच वर्षी अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठाच्या संशोधकांनी भातावर प्रयोग केला. सत्तर कार्बन-अणूंचे फुलरीन मुळांतून जलवाहिन्यांत व तेथून पानांत पोचले. विशेष म्हणजे त्या झाडांच्या बियांपासून वाढविलेल्या पुढील पिढीच्या पानांतही त्याचे पुंजके आढळले. २०१४ मध्ये पालकाच्या हरितलवकांत एकपदरी नलिका शिरवून प्रकाशसंश्लेषणातील इलेक्ट्रॉन-वहनाचा वेग वाढविता आला. यावरून असे दिसते, की पेशीची दारे या कणांना सर्वस्वी बंद नाहीत.

३. वाढीची साक्ष

अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाच्या लिटल रॉक येथील संशोधकांनी २००९ मध्ये टोमॅटोच्या बिया मिलिलिटरमागे १० ते ४० मायक्रोग्रॅम नलिका असलेल्या माध्यमात रुजविल्या. साध्या माध्यमातील बियांपेक्षा त्या लवकर रुजल्या व त्यांची रोपे अधिक जोमदार झाली. बीजावरण भेदून नलिका आत गेल्यामुळे बियांनी पाणी अधिक शोषले, असे स्पष्टीकरण देण्यात आले. पुढील अभ्यासांत पेशीपटलातील जलमार्गांची प्रथिने निर्माण करणारी जनुके अशा वनस्पतींत अधिक सक्रिय झाल्याचेही आढळले. आपल्या देशात कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये पाण्यात विरघळणाऱ्या कार्बन-नलिका हरभऱ्याच्या रोपांना देऊन त्यांची वाढ वाढल्याचे नोंदविले.

परंतु ही साक्ष एकमुखी नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात, पृष्ठभागावर कोणतीही रासायनिक प्रक्रिया न केलेल्या एकपदरी नलिकांमुळे टोमॅटोच्या मुळांची वाढ खुंटली, तर कांदा व काकडी यांची मुळे अधिक लांब झाली. म्हणजे टोमॅटोला एका प्रयोगात जे पोषक ठरले, त्याच्याच जातीचे दुसरे द्रव्य अन्य प्रयोगात बाधक ठरले. नलिकेचे पदर, लांबी, पृष्ठभागावरील रासायनिक गट, मात्रा आणि वनस्पतीची जात या सर्वांवर परिणाम अवलंबून असतो. म्हणून 'कार्बनचे नॅनोकण वनस्पतींस उपकारक आहेत' हे विधान जितके अपुरे, तितकेच 'ते घातक आहेत' हेही अपुरे होय.

४. मूलाग्राची कसोटी

येथे कांद्याकडे वळणे इष्ट आहे. लासलगावच्या बाजारपेठेमुळे कांदा आपल्या जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाचा आहेच. पण पेशीविज्ञानात त्याला स्वतंत्र मान आहे. कांद्याच्या पेशीत सोळाच गुणसूत्रे असतात, ती आकाराने मोठी असतात, आणि मुळाच्या टोकाशी पेशीविभाजन सतत चालू असते. स्वीडनमधील आल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ मध्ये कॉल्चिसिनाचा परिणाम पाहण्यासाठी कांद्याच्या मुळांचा उपयोग केला, तेव्हापासून ही कसोटी प्रचारात आली. मनुष्याच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ मध्ये जो हिन त्जियो यांच्यासह सिद्ध करणारे लेव्हान ते हेच. १९८५ नंतर पाणी व रसायने यांची विषारकता पारखण्यासाठी ही पद्धती सर्वत्र वापरली जाऊ लागली.

पद्धती साधी आहे. जुन्या मुळ्या काढलेला कांदा पाण्याला बुडखा टेकेल असा ठेवून मुळे फुटू द्यावीत, काही कांदे परीक्ष्य द्रवावर व काही शुद्ध पाण्यावर ठेवावेत, मग मूलाग्रे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावीत. दर शंभर पेशींत किती पेशी विभाजन पावत आहेत, गुणसूत्रांचे तुकडे पडले आहेत काय, ती एकमेकांना चिकटून पूल बांधीत आहेत काय, मुख्य केंद्रकाबाहेर सूक्ष्मकेंद्रके दिसतात काय, हे मोजावे. विभाजन पावणारी पेशीच आघाताला सर्वांत आधी दाद देते. लासलगाव येथे २००२ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' केंद्रात किरणोत्सर्जनाने कांद्याचे मोड रोखले जातात, त्यामागेही अंकुराच्या विभाजनक्षम पेशींची हीच संवेदनशीलता आहे.

या कसोटीवर कलकत्ता विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील संशोधकांनी २०११ मध्ये बहुपदरी नलिका पारखल्या, तेव्हा कांद्याच्या मूलपेशींत डीएनएला इजा, गुणसूत्रांतील विकृती व सूक्ष्मकेंद्रके आढळली; मनुष्याच्या रक्तातील लसीकापेशींतही इजेची चिन्हे दिसली. आता वरील २००८ चा अभ्यास आठवावा. तेथे कांद्याचे मूळ लांब झाले होते. येथे कांद्याच्याच मुळाच्या पेशींतील गुणसूत्रे मोडलेली दिसली. दोन्ही प्रयोगांतील नलिका भिन्न असल्याने त्यांत विरोध आहे असे म्हणता येत नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट होते : मुळाची लांबी फूटपट्टीने मोजून पेशीच्या आतील स्थिती कळत नाही. वाढ हा एक पुरावा आहे आणि केंद्रकाची सुस्थिती हा दुसरा. पहिल्यावरून दुसरा गृहीत धरता येणार नाही.

५. फवारणारा माणूस आणि उरलेला अंश

हा विवेक शेतीच्या दृष्टीने दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. पहिले कारण फवारणी करणाऱ्या मनुष्याचे. एडिंबरो येथील संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत लांब व ताठ नलिकांनी उदरपोकळीच्या अस्तरात ॲस्बेस्टॉससारखा दाह उत्पन्न केला. आखूड व गुंतलेल्या नलिकांनी तसा केला नाही. भक्षकपेशींना लांब तंतू पूर्णपणे गिळता येत नाही, हे त्याचे कारण. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बहुपदरी नलिकांच्या एका विशिष्ट प्रकाराला 'मनुष्यात कर्करोगकारक असण्याची शक्यता' या वर्गात ठेवले; इतर प्रकारांविषयी वर्गीकरणास पुरेसा पुरावा नसल्याचे सांगितले.

दुसरे कारण अंशाचे. २०१० च्या हंगामात महाराष्ट्रातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेहून अधिक आढळला, माल अडला आणि बागायतदारांना मोठी झळ बसली. बागेत उपयुक्त ठरलेले द्रव्य फळात उरले, एवढाच तो प्रकार होता. परंतु ते द्रव्य फळापासून वेगळे ओळखता तरी आले. वनस्पतीचा देहच कार्बनी संयुगांचा. त्यात कार्बनचाच कण शोधणे हे राखेत राख शोधण्यासारखे आहे. त्यासाठी किरणोत्सर्गी कार्बनची खूण केलेले कण वापरावे लागतात, किंवा रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेल्या वर्णपटाचा आधार घ्यावा लागतो. टोमॅटोच्या बियांतील नलिका अशाच वर्णपटाने ओळखण्यात आल्या. शिवाय फुलरीनाच्या सान्निध्यात काही पिकांनी डीडीटीचा अवशेष अधिक शोषल्याचे २०१२ मध्ये दिसून आले. म्हणजे कण स्वतः निरुपद्रवी असला, तरी तो काय वाहून आणतो हेही पाहणे प्राप्त आहे.

६. पुढील कार्य

भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये नॅनो-आधारित कृषिनिविष्ठांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांचा आशय प्रत्यक्षात उतरविण्यास नाशिकसारखे क्षेत्र दुसरे नाही. पिंपळगाव बसवंत येथे निपजलेली 'एन-२-४-१' ही कांद्याची जात सहज उपलब्ध आहे, आणि मूलाग्राच्या कसोटीस सूक्ष्मदर्शक, रंजकद्रव्य व सावध नजर याखेरीज फारसे काही लागत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी कणाचा प्रकार, लांबी, पृष्ठभाग व मात्रा यांची काटेकोर नोंद ठेवून, मुळाची लांबी आणि केंद्रकाची स्थिती ही दोन्ही मापे एकाच मुळावर घेतल्यास, आज निरनिराळ्या प्रयोगांत विखुरलेली साक्ष एकत्र तपासता येईल. द्राक्षवेलीवर असे द्रव्य पडण्यापूर्वी ते कांद्याच्या मुळाला विचारून पाहावे, इतकीच अपेक्षा येथे व्यक्त करावीशी वाटते.