दोन तारा आणि एक बाइट

भोसरीतल्या छोट्याशा शेडमध्ये जिगवर बसणाऱ्या ताईंचा हात बघत राहावा असा. बोर्ड पालथा ठेवायचा, खटका दाबायचा, स्प्रिंगच्या पिना तांब्याच्या ठिपक्यांना टेकल्या की फर्मवेअर आत. पिना बऱ्याच, पण खऱ्या कामाच्या दोनच, डीबगच्या: एसडब्ल्यूडीआयओ आणि एसडब्ल्यूक्लॉक. ज्या वाटेने प्रोग्राम आत जातो, त्याच वाटेने नक्कल करणारा तो बाहेर काढू शकतो.

आमच्या एसटीएम३२एफ० चिपमध्ये या दाराचं कुलूप म्हणजे एक बाइट. त्यात हेक्समध्ये 'एए' असेल तर दार सताड उघडं. 'सीसी' असेल तर डीबग कायमचं बंद, आणि दुसरं काहीही असेल तर पहिली पातळी: फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम साठवणारी मेमरी, वाचता येत नाही, आणि कुलूप काढायला गेलात की आधी सगळी फ्लॅश पुसली जाते. चोराच्या हाती कोरी चिप.

मग सरळ 'सीसी' का नाही? एकदा मीच ती घाई केली होती. चाळीस बोर्ड कायमचे बंद केले आणि संध्याकाळी फर्मवेअरमधली चूक सापडली. चाळीसही चिपा बोर्डावरून उतरवाव्या लागल्या.

शिवाय 'कायमचं' हेही जरा जपूनच म्हणायचं. २०१७ मध्ये जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या दोन संशोधकांनी याच मालिकेतल्या चिपचं आवरण काढून अतिनील प्रकाश पाडला. एखादा बिट उलटला की 'सीसी' हा 'सीसी' उरत नाही, चिप पहिल्या पातळीवर उतरते. त्या पातळीवरही डीबग जोडताच पहिलं वाचन कधीकधी निसटतं, हेही त्यांनीच दाखवलं. म्हणून सगळ्या बोर्डांत एकच गुप्त किल्ली ठेवणं मला गाढवपणा वाटतो. एक बोर्ड फुटला की सगळे फुटले.

जिगवरची शेवटची चाचणी मात्र उलटी आहे. बाइट लिहिला म्हणून कुलूप लगेच लागत नाही, चिपने तो पुन्हा वाचावा लागतो. म्हणून ताई वीज तोडतात, पुन्हा देतात आणि प्रोग्रामरला फ्लॅश वाचायला सांगतात. स्क्रीनवर लाल अक्षरांत 'वाचता येत नाही' आलं, तर बोर्ड पास.

पास झालेल्या बोर्डावर त्या मार्करने हिरवा ठिपका देतात. ठिपका नसलेला बोर्ड खोक्यात जात नाही.