मुळाची माती राहू द्या
(परदेशातील बालवाडी आणि आपले नातवंड)

हल्ली आपल्या पुष्कळ घरांतून मुलगा-सून किंवा मुलगी-जावई नोकरीनिमित्त परदेशी जातात, आणि त्यांच्याबरोबर तीन-चार वर्षांचे लेकरूही जाते. महिना-दोन महिन्यांनी तिकडून फोन येतो. "आई, छकुली बालवाडीत एक शब्द बोलत नाही गं. सकाळी कपडे घालायला घेतले की रडायला लागते. घरात मराठी बोलणे बंद करू का?" इकडे आजीच्या पोटात कालवते. ती म्हणते, "मग तिकडचीच भाषा बोला बाई, पोर मागे पडायला नको."

हा सल्ला मायेचा आहे, पण चुकीचा आहे. तो का चुकीचा आणि त्याऐवजी काय करावे, याचा आज विचार करू. उदाहरण जर्मनीचे घेऊ, कारण 'किंडरगार्टन' हा शब्दच मुळी तिथला.

मुलांची बाग

फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी एक संस्था काढली. १८४० साली तिला त्याने 'किंडरगार्टन' म्हणजे 'मुलांची बाग' असे नाव दिले. मूल हे रोप आणि शिक्षक हा माळी, अशी त्यामागची कल्पना. आपल्या 'बालवाडी' या शब्दातली वाडीही बागच आहे.

तिथे साधारणपणे तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र असतात. अक्षरे गिरवून घेत नाहीत. खेळ, गाणी, चित्रे, कातरकाम आणि बाहेरचे हुंदडणे हाच अभ्यास. पाऊस असो की थंडी, मुलांना रबरी बूट आणि चिखलात खेळायची विजार घालून अंगणात सोडतात. म्हणून "पोराला काहीच शिकवीत नाहीत" अशी तक्रार आजोबांनी करू नये. रांगेत उभे राहणे, आपला डबा आपण उघडणे, दुसऱ्याला खेळणे देणे, हेही शिकणेच होय.

पहिले पंधरा दिवस

जर्मनीत मुलाला बालवाडीत रुळवण्याची एक पद्धत रूढ आहे. ती १९८०च्या दशकात बर्लिनमध्ये तयार झाली. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर तासभर वर्गात बसतात. या दिवसांत मुलाला एकटे सोडायचा प्रयत्नही करीत नाहीत. चौथ्या दिवशी पालक मुलाचा निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जातात. जास्तीत जास्त अर्धा तास. बाईंनी समजावूनही मूल शांत होत नसेल तर पालकांना लगेच आत बोलावतात आणि पुढचे काही दिवस पुन्हा घाई करीत नाहीत. कोणी आठवड्यात रुळते, कोणाला दोन-तीन आठवडे लागतात.

मूल रुळले हे कसे ओळखावे? रडणे थांबले म्हणून नव्हे. निरोपाच्या वेळी ते रडेलही. पण बाईंनी जवळ घेतल्यावर सावरून खेळायला लागले की ते रुळले असे समजावे.

यात आपल्याकडच्या एका सवयीला फाटा द्यावा लागतो. मूल खेळण्यात गुंतले की आपण मागच्या मागे सटकतो. त्याने मुलाचा विश्वास उडतो आणि पुढे ते क्षणभरही हात सोडत नाही. "मी जाते, जेवण झाले की न्यायला येते," असे सांगून जावे, आणि सांगितल्या वेळी यावे.

गप्प राहणे हा आजार नव्हे

नव्या भाषेत पडलेले मूल प्रथम आपल्याच भाषेत बोलून पाहते. कोणाला कळत नाही असे दिसले की गप्प होते. हा गप्पपणा काही आठवडे, कधी काही महिनेही टिकतो. पण या काळात कान बंद नसतात. मूल ऐकत असते, बघत असते, खुणांनी सांगत असते. मग एके दिवशी एखादा शब्द, एखाद्या गाण्याची ओळ, मग तुटकी वाक्ये, असे बोलणे फुटते.

अशा वेळी घरची भाषा बंद केली तर काय होईल? आंब्याचे कलम लावताना आपण मुळाभोवतीची मातीची हुंडी फुटू देत नाही. नवी जमीन कितीही सकस असली तरी मुळे तिच्यात शिरेपर्यंत जुन्याच मातीवर कलम तगते. मुलाची घरची भाषा ही ती हुंडी आहे. दिवसभर जे बोलता आले नाही ते संध्याकाळी आईजवळ बोलूनच त्याचे मन हलके होते. शिवाय ज्या आईबापांना स्वतःलाच जर्मन धड येत नाही, ते मोडक्या भाषेत मुलाला काय शिकवणार? ती भाषा त्याला बालवाडीतले सवंगडी शिकवतील. आपल्या बेळगावात घरी मराठी बोलणारी मुले गल्लीत कानडी शिकतात आणि बडोद्याची मुले गुजराती शिकतात. त्यासाठी कोणी घरचे मराठी सोडले नाही.

पालकांनी करावयाच्या गोष्टी

१. पाणी, शू, दुखतंय, भूक, आई, असे मुलाचे रोजचे आठ-दहा शब्द बाईंना त्यांच्या लिपीत, अर्थासह लिहून द्यावेत.

२. मुलालाही 'या' (होय), 'नाइन' (नाही) आणि 'वासर' (पाणी) हे शब्द घरी शिकवावेत. मदत मागायला 'हिल्फं' हा शब्दही शिकवावा.

३. हाताने भरवायची सवय निघण्यापूर्वीच सोडवावी. डबा उघडणे, चड्डी काढणे-घालणे शिकवावे.

४. तिथे शौचानंतर पाणी नव्हे, कागद वापरतात. त्याची घरी सवय करावी. लाजेने मूल लघवी-शौच रोखून धरते आणि त्यातून बद्धकोष्ठ व लघवीची जळजळ सुरू होते.

५. लसीकरणाचे कार्ड सामानात नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवावे. जर्मनीत मार्च २०२० पासून बालवाडीत प्रवेशासाठी गोवराच्या लसीचा पुरावा लागतो.

६. पहिल्या वर्षी सर्दी-खोकला वारंवार होईल. या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणे नवल नाही. हवा बाधली म्हणून बालवाडी बंद करू नये. ताप असेल तेव्हा मात्र घरी ठेवावे.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

मूल घरीही बोलेनासे झाले, हाक मारल्यावर वळून पाहत नसले, खाणे व झोप आठवडेच्या आठवडे बिघडली, किंवा सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होऊन थांबेना, तर डॉक्टरांना दाखवावे. घरी भरपूर बोलणारे मूल बालवाडीत कित्येक महिने गप्पच राहिले आणि खुणांनीही काही सांगेना, तरीही तज्ज्ञाला विचारावे. कानाची तपासणी आधी करून घ्यावी.

आजी-आजोबांचे काम

फोनवर "जर्मन बोलून दाखव बघू" असा हट्ट धरू नये. रडण्याची चौकशी रोज करू नये. त्यापेक्षा गोष्ट सांगावी. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या सणाला तिथल्या बालवाडीतील मुले स्वतः केलेले कागदी कंदील घेऊन संध्याकाळी मिरवणुकीने निघतात. थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणाऱ्या या संताची गोष्ट आजीने आधीच मराठीत सांगून ठेवली, तर त्या संध्याकाळी भाषा न येताही नातीला सारे कळेल. हातातला कंदील तिला परका वाटणार नाही.

कलम लावल्यावर चार दिवस पाने मलूल होतात. जाणता शेतकरी ते उपटून मुळे धरली की नाही हे बघत नाही. सावली करतो, पाणी घालतो आणि थांबतो. आपणही तेवढेच करावे.