जीव कोंडतो? मग आधीच सांगा
अमरावतीच्या एमआरआय केंद्रातला एक दिवस

सकाळी ७.३०
केंद्र उघडलं की आधी पाणी गार ठेवणारा चिलर बघायचा, मग बाकीचं. एमआरआयचं चुंबक रात्रीही बंद होत नाही. आमचं मशीन १.५ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट ताकदीचं. ही ताकद टिकते ती द्रवरूप हेलियममुळे, आणि त्याचं तापमान असतं उणे २६९ अंश. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४५च्या वर गेला की बाहेरच्या चिलरची परीक्षा असते. तो बंद पडून राहिला तर हेलियमची वाफ होऊ लागते. म्हणून हेलियमची पातळी आणि पाण्याचं तापमान वहीत टिपायचं, चाचणीचा नमुना (फँटम) टेबलावर ठेवून चित्रं तपासायची, आणि मग दिवसाची यादी हातात घ्यायची. काही नावांपुढे मी पेन्सिलीने ‘भीती’ असं लिहिलेलं असतं. त्या पेशंटांना वेळ थोडा जास्तच दिलेला असतो.

सकाळी ८.३०
पहिला फोन अकोल्याहून. “मॅडम, तुमची मशीन ओपन हाय का? मायचा जीव कोंडते बंद जागी. लिफ्टमध्येबी नाई जात ते.”

मी लगेच हो-नाही सांगत नाही. आधी विचारते, डॉक्टरांनी कशाचा एमआरआय लिहिलाय? चिठ्ठीवर होतं पिट्युटरी, मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. मग मुलाला नीट समजावलं. ओपन मशीनला बोगदा नसतो. चुंबकाचा एक भाग वर, एक खाली, आणि बाजू मोकळ्या. पण वरचा भाग तोंडावर येतोच, तेवढी तयारी ठेवावी लागते. अशी बहुतेक मशीनं ०.२ ते ०.४ टेस्लाची असतात. चुंबक कमजोर, त्यामुळे सिग्नल कमी, आणि तो भरून काढायला वेळ जास्त लागतो. गुडघा, खांदा अशा तपासण्यांना अनेकदा तेवढं पुरतं. पिट्युटरीतली दोन-तीन मिलिमीटरची गाठ शोधायची असेल तर नाही पुरत. मग अकोल्याहून शंभरेक किलोमीटर येऊन, धीर धरून केलेली तपासणी पुन्हा करा म्हणून चिठ्ठी येते.

आमच्या मशीनचा बोगदा ७० सेंटीमीटर रुंद आहे. जुन्या मशीनांचा ६० असतो. दहा सेंटीमीटर कागदावर किरकोळ वाटतात. आत झोपल्यावर नाक आणि छत यांच्यातलं वाढलेलं अंतरच माणसाला तारतं. “आईंच्या डॉक्टरांना विचारा, आधी घ्यायची सौम्य गोळी चालेल का. चालली तर गाडी तुम्ही चालवा, आणि परत जाताना त्यांना एकटं सोडू नका,” एवढं सांगून दुपारी साडेचारची वेळ दिली.

सकाळी ९.३०
धातूची झडती. मंगळसूत्र, जोडवी, करदोटा, ताईत, पदराची पिन, केसांतले आकडे, बनियनच्या खिशातली चुन्याची डबी. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही, तरी ते तापू शकतं आणि चित्र बिघडवतं, म्हणून तेही उतरवायचं. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट हे एकदा विचारते, मग शब्द बदलून पुन्हा विचारते. वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचं काम करणाऱ्याच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे तर हमखास. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे.

लोकांना ही कटकट वाटते. जानेवारी २०१८मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एक तरुण नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. कोणी घाई केली की मी ही घटना सांगते. आमच्या दारातून सिलिंडर, व्हीलचेअर, स्ट्रेचर काही आत जात नाही. आत चालणारी सामग्री वेगळी, ती आधीच आत असते.

सकाळी १०.४५
कबड्डी खेळणारा धिप्पाड पोरगा, गुडघ्याचं लिगामेंट. मित्र बाहेर हसत होते आणि हा आत येऊन हळूच म्हणाला, “ताई, पूर्ण आत जा लागते का?” नाही जावं लागत. गुडघ्यासाठी पाय आधी आत जातात आणि डोकं बाहेरच राहतं. त्याचा चेहरा उजळला. ही गोष्ट त्याला आदल्या दिवशी कोणी सांगितली असती तर रात्रभर झोप लागली असती. अंगकाठीचा आणि या भीतीचा काही संबंध नाही, हे या खोलीत रोज दिसतं.

दुपारी १२.००
वरुडकडचे काका, वय साठीच्या आसपास, कमरेचा एमआरआय. संत्र्याच्या पट्ट्यात विहिरी खोदण्यात आयुष्य गेलेलं. टेबलाजवळ आले आणि थबकले.

“पोरी, मले त्याच्यात टाकू नको.”

“काय झालं काका?”

“इहिरीत दरड पडली होती माह्यावर. छातीलोक माती. तवापासून खोलीचं दारबी लावू देत नाई मी.”

अशा माणसाला ‘काही नाही होत, घाबरू नका’ म्हणणं व्यर्थ. त्याच्याबाबत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मी टेबलाच्या कडेला त्यांना बसवलं आणि मशीन दाखवलं. बोगदा दोन्ही बाजूंनी उघडा असतो. आत दिवा आहे, पंखा आहे, हवा खेळती आहे. हातात रबरी फुगा मिळतो, तो दाबला की माझ्याकडे घंटा वाजते. मी काचेपलीकडून बघते आणि माइकवरून बोलते. “तुम्ही ‘थांब’ म्हणा, मी टेबल बाहेर काढते. कारण नाही विचारणार.” मग आधी मुद्दाम फुगा दाबायला लावला. घंटा वाजली, मी आत गेले. एवढं त्यांना पटलं.

कमरेलाही पाय आधी घालता येतात. मग डोकं बोगद्याच्या तोंडाशी येतं. आत जायच्या आधीच डोळ्यांवर घडी घातलेला रुमाल ठेवला, आणि बाहेर आल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत असं ठरवलं. आत गेल्यावर डोळे मिटण्यापेक्षा मिटूनच आत जाणं बरं. छत एकदा दिसलं की ते डोक्यातून जात नाही. पहिल्यांदा टेबल आत नेलं, मोजून दहा श्वास, बाहेर. दुसऱ्यांदा थोडा जास्त वेळ. तिसऱ्यांदा त्यांनीच सांगितलं, “आता चालू कर.”

श्वासाचंही एक गणित आहे. घाबरलं की माणूस भराभर श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हातापायांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि हवा पुरत नाही असं वाटतं. खरं तर हवा भरपूर असते. त्यावर उपाय एकच, श्वास सोडताना वेळ घ्यायचा. आवाजाची सूचनाही आधी द्यावी लागते. चुंबकी क्षेत्र झरझर बदलणाऱ्या कॉइलींमुळे तो ठोकल्यासारखा आवाज येतो, म्हणून कानात बोळे आणि वर हेडफोन. दोन सिक्वेन्सच्या, म्हणजे तपासणीच्या टप्प्यांच्या, मध्ये शांतता असते. तेव्हा मी दर वेळी सांगते, “काका, हा चार मिनिटांचा. आता गिळून घ्या, खोकून घ्या. मग हलायचं नाही.” किती वेळ उरला हे कळत राहिलं की माणूस टिकतो.

पंचवीस मिनिटांत झालं. बाहेर येऊन म्हणाले, “बोरच्या मशीनसारखा आवाज करते बापा हे. आधी सांगतलं म्हणून बरं.”

दुपारी २.१५
डबा. आज भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा. नवीन शिकायला आलेल्या मुलाला पहिल्या स्कॅनची गोष्ट सांगितली. ३ जुलै १९७७ला रेमंड डमाडियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत माणसाच्या छातीचं पहिलं चित्र काढलं. एका चित्राला पावणेपाच तासांच्या आसपास लागले. त्याआधी डमाडियन स्वतः आत बसले होते, पण काही उमटलं नाही. ते अंगाने जाड म्हणून असेल, असा अंदाज करून सडपातळ सहकाऱ्याला बसवलं. मशीन आणि शरीर यांचं माप जुळलं पाहिजे, ही अडचण तेव्हापासूनची आहे. आजही अपॉइंटमेंट देताना वजन आणि खांद्यांची रुंदी आम्ही विचारतो. तो अपमान समजू नये.

दुपारी ३.००
मेळघाटातून, धारणीकडून, घाट उतरून आलेली कोरकू आजी. मेंदूचा एमआरआय, त्यामुळे डोकं आत आणि चेहऱ्यावर सिग्नल टिपणारी कॉइल. तिला मराठी थोडंच कळत होतं, नातू दुभाषा. तिची भीती बोगद्याची नव्हतीच. आपल्याला कुठे नेतात हे कोणी न सांगता हात धरून ओढत नेलं जातंय, याची होती. रिकामं टेबल आत-बाहेर करून दाखवलं. नातवाचीही धातूची झडती घेऊन, कानांत बोळे घालून त्याला आत खुर्चीवर बसवलं. त्याचा हात तिच्या पायावर. कॉइलवरच्या आरशातून तिला तो दिसत होता. आजीच्या हातांवर, कपाळावर गोंदण होतं. काही शाईत लोहाचे कण असतात, त्यामुळे त्वचा तापू शकते. ‘चटका वाटला तर फुगा दाब’ हे नातवाकडून सांगून घेतलं. आजी शेवटपर्यंत हलली नाही.

दुपारी ४.३०
अकोल्याच्या काकू आल्या. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतलेली, मुलगा सोबत. रुमाल, फुगा, दहा श्वास, सगळं केलं. कॉइल चेहऱ्यावर आली आणि त्यांनी फुगा दाबला. बाहेर काढलं. पुन्हा प्रयत्न, पुन्हा फुगा. डोळ्यांत पाणी आलं, “सगळ्यांचा वेळ खाल्ला मी,” म्हणाल्या. मी थांबवलं. दंडाला धरून, ‘पाचच मिनिटं’ म्हणत रेटून केलेला स्कॅन हलल्यामुळे धूसर येतो, आणि तो माणूस पुन्हा कधी मशीनकडे फिरकत नाही. त्यांना भूलतज्ज्ञ येतात त्या दिवसाची वेळ दिली. सहा तास उपाशी यायचं, आधी काही रक्ततपासण्या, आत चालणारं मॉनिटर, नंतर काही तास निरीक्षण. लहान मुलांसाठी भूल नेहमीचीच आहे. मोठ्यांनाही त्यात लाज वाटायचं कारण नाही.

सायंकाळी ६.००
रेडिओलॉजिस्ट चित्रं बघतात. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना रोज पडणारा प्रश्न असतो, ‘३ टेस्लावरच करा असं पेशंट म्हणतो, करू का?’ ३ टेस्लाचं चित्र अधिक बारीक येतं. लहान सांधे, मज्जातंतू, मेंदूतले सूक्ष्म बदल यांना त्याचा उपयोग. पण आवाज जास्त, शरीर तापण्याचं प्रमाण जास्त, आणि १.५ला चालणारी काही इम्प्लांट तिथे चालत नाहीत. कमरेच्या साध्या चकतीच्या दुखण्याला १.५ टेस्लाचं रुंद मशीन भरपूर झालं. सीटी स्कॅनचं कडं आखूड असतं, त्यात कोंडल्यासारखं होत नाही. पण त्यात क्ष-किरण आहेत आणि नसा, चकत्या, मेंदू तितके उलगडत नाहीत. एमआरआयऐवजी सीटी चालेल की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

सायंकाळी ७.४५
शेवटचा पेशंट गेला. उद्याची यादी, त्यात पेन्सिलीच्या नव्या खुणा. खोलीला कुलूप लागतं, चुंबक चालूच राहतं.

तुमच्या घरात कोणाला एमआरआय लिहून दिला असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच हे विचारा: मशीन किती टेस्लाचं? बोगदा ६० सेंटीमीटरचा की ७०चा? माझ्या तपासणीत डोकं आधी जाणार की पाय? किती मिनिटं लागतील? नातेवाईक आत बसू शकेल का? भूलतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतात? ओपन मशीनवर करायचं असेल तर ते चित्र पुरेल का, हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि सगळ्यात पहिलं वाक्य हे असू द्या: ‘मला बंद जागेची भीती वाटते.’ फोनवर हे कळलं तर आम्ही अर्धा तास जास्त राखून ठेवू शकतो. टेबलावर कळलं तर बाहेर पुढचा पेशंट बसलेला असतो.