खेळाच्या पेटींतील चटका

थंडींत रेशमी मुकटा सोडतांना कशी चटचट होते, हें घरांतील वडील मंडळींस सांगावयास नकोच. ती घर्षणानें उत्पन्न होणारी स्थिर वीज. पोंभुर्ण्याकडे चैत्र-वैशाखांत हवेंतील ओल पार आटली, म्हणजे घरीं बनविलेल्या आर्केड खेळाच्या पेटींतही ती असाच खोडसाळपणा करते. चिरंजीव प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठतात, पत्र्यास बोट लावतात आणि चालता खेळ एकदम बंद!

माणसास चटका जाणवावयास सुमारें ३००० व्होल्ट दाब लागतो. आंतील कांहीं नाजूक चिपा १०० व्होल्टांतही दगावतात. यास्तव त्या विजेस वाट करून द्यावी. सागवानी लांकूड ती वाहून नेत नाहीं. म्हणून बटणांखालचा पत्रा, दांड्याची लोखंडी बैठक, वीजपुरवठ्याच्या डब्याचें आवरण, हीं सर्व हिरव्या तारेनें जोडून ती तार प्लगाच्या मोठ्या खिळ्यास न्यावी. जोडाच्या जागीं रंग खरवडावयाचा असतो. नेमकें तेंच विसरतें.

परंतु जुन्या घरांत भिंतींतील तें तिसरें भोंक पुष्कळदां केवळ शोभेचें असतें! तेथें आंतील जिवंत तार सुटून पत्र्यास लागली, तर चटक्यावर न भागतां जिवावर बेतावयाचें. तेव्हां मुलांनीं कितीही घाई केली तरी आधीं जाणत्या वायरमनकडून भूसंपर्क तपासून घ्यावा, आणि कोळसा-मिठाच्या खड्ड्यांत उन्हाळाभर अधूनमधून घागरभर पाणी ओतावें. नायलॉनऐवजीं सुती सदरा व खुर्चीऐवजीं लांकडी स्टूल, एवढ्यानेंही निम्मी कटकट वाचते.