पहिली कूस

दोन महिन्यांच्या बाळाला उताणं निजवलं आणि त्याची मान उजवीकडे वळली, की एक गंमत दिसते. उजवा हात ताठ होऊन बाहेर जातो, डावा कोपरात दुमडून कानाशी येतो. दांडपट्टा खेळणाऱ्याचा पवित्राच जणू! हा पवित्रा त्याला कुणी शिकवलेला नसतो, तो जन्मापासून मज्जासंस्थेत असतो. आणि तोच बाळाला पलटू देत नाही. ज्या बाजूला वळायचं, त्याच बाजूला ताठ हात दाराच्या अडसरासारखा आडवा येतो.

चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास मेंदू परिपक्व होत जातो आणि हा अडसर आपोआप निघतो. मग एके दुपारी आधी मान वळते, मागोमाग खांदा, मग कंबर, आणि बाळ पालथं! घरभर आनंद होतो. रात्री मात्र आईचा डोळा लागत नाही. झोपेत पालथं पडलं तर?

आजी सांगते, "पालथं निजलं की लेकरू गाढ झोपते." तिचं निरीक्षण अगदी खरं आहे, आणि धोका नेमका तिथेच आहे. पालथ्या बाळाला सहजी जाग येत नाही. मऊ गोधडीत नाक रुतलं, की सोडलेली हवा तिथेच साचते आणि बाळ पुन्हा तीच घेतं. एरवी श्वास कोंडताच बाळ जागं होतं, मान वळवतं, रडतं. फार गाढ झोपेत हे करायचं राहून जाऊ शकतं.

दुसरी भीती दुधाची. उताणं ठेवलं आणि दूध उलटलं, तर घशात अडकेल ना? इथे शरीराची रचना थक्क करते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्याखाली. वर आलेलं दूध वजनाने खालच्या नळीतच राहतं. पालथं केलं, की हा क्रम उलटा होतो.

विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांत डॉक्टरच बाळांना पालथं निजवायला सांगत. नेदरलँड्सने १९८७ मध्ये, ब्रिटन आणि न्यूझीलंडने १९९१ मध्ये, अमेरिकेने १९९४ मध्ये 'उताणं निजवा' अशी मोहीम उघडली. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या अमेरिकेत पुढच्या काळात जवळपास निम्म्यावर आली. औषध नाही, यंत्र नाही, फक्त पाठ खाली!

मग पलटणाऱ्या बाळाचं काय? पहिलं वर्षभर प्रत्येक झोपेला त्याला उताणंच ठेवा. स्वतःहून दोन्हीकडे, म्हणजे उताण्याचं पालथं आणि पालथ्याचं उताणं, होता येऊ लागलं की झोपेत ते जसं वळेल तसं राहू द्या. तोवर पालथं दिसलं तर हलकेच उताणं करा. पलटण्याची पहिली खटपट दिसताच दुपट्यात घट्ट गुंडाळणं थांबवा, कारण तोल सावरायला त्याला हात मोकळे हवेत. कुशीला उशा लावून त्याला अडवू नका, अंथरूण मोकळं करा. राईची उशी, जाड गोधडी, खेळणी सगळं बाजूला काढा.

वाशिमच्या शिवारात सोयाबीन निंदताना धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधली जाते. झोळीत बाळाचं अंग चंद्रकोरीसारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची इवलीशी वाट अरुंद होते. पलटणारं बाळ तिथे कापडात नाक खुपसतं किंवा खाली पडतं. सैल पडलेल्या बाजेलाही मधोमध असाच खोलगा असतो. त्यापेक्षा जमिनीवर ताणून अंथरलेली सतरंजी चांगली: सपाट, घट्ट आणि पडायची भीती नसलेली. मात्र शेतात बाळाजवळ जाणतं माणूस हवंच. आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा झोपताना टोपडं नको. बाळ डोक्यातूनच बरीच उष्णता बाहेर टाकतं.

आजीच्या पायांवर पालथं पडून तेलमालिश घेताना बाळ मान उचलतं, खांदे बळकट करतं. तोच त्याचा पलटण्याचा सराव. म्हणून जागं असताना पालथं, झोपताना उताणं.

घरी जाऊन बाळ जपण्याची पद्धत विदर्भातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी यशस्वी करून दाखवली. आज त्याच धर्तीवर आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या, ठरलेल्या गृहभेटींमध्ये एक तिसऱ्या महिन्यात असते, पुढची सहाव्यात. बाळाची पहिली कूस बहुधा या दोन भेटींच्या मध्येच वळते. म्हणून तिसऱ्या महिन्यात ताई आल्या, की बाळासोबत त्याची निजायची जागाही त्यांना दाखवा.