दूध, ताक आणि आपले पोट

‘दूध नको, पोटात गुडगुडते; त्यापेक्षा वाटीभर ताक दे.’ आमच्या कळसाडीत वडीलधाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य मी नेहमी ऐकतो. चिनी वैद्यकाला ते लगेच पटेल.

सोळाव्या शतकात ली शी-चेन यांनी आपल्या औषधिकोशात गाईचे दूध गोड आणि किंचित थंड असल्याचे लिहिले. दूध पोषक खरे. पण पचनशक्ती मंद असेल तर ते शरीरात ‘ओल’ आणि कफ साठवते, असे चिनी वैद्य मानतात. आपली चरकसंहिताही दूध मधुर, थंड आणि जड सांगते. ग्रहणीच्या रोग्याला मात्र ताक देते.

आजचे शास्त्र काय सांगते? दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे पाचकद्रव्य बाळपणी भरपूर असते. पुढे पुष्कळांमध्ये ते घटते. चीनमध्ये बहुतेक प्रौढांचे असेच होते, भारतातही अनेकांचे. न पचलेली साखर आतड्यात आंबते, वायू धरतो, जुलाब होतात. विरजणातील जिवाणू या साखरेचा काही भाग आधीच फस्त करतात, म्हणून दही-ताक सोसते. दुधाने कफ वाढतो, याला मात्र संशोधनाचा भक्कम आधार नाही.

तेव्हा दूध सोसत नसेल तर ताक घ्या. नाचणी, तीळ, पालेभाज्याही कॅल्शियम देतात. फक्त लेकराचे दूध डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नका.