घर, कचेरी आणि ‘गुणसुंदरी’

मागच्या व्याख्यानात आपण ‘कर्तव्य’ या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज ती पोथीतून काढून मुंबईतल्या एका संसारात नेऊन पाहू. त्यासाठी एक मूकपट घेऊ: ‘गुणसुंदरी’, १९२७. निर्मिती कोहिनूर फिल्म कंपनीची, दिग्दर्शक चंदुलाल शहा, नायिका गोहर. त्याला इंग्रजी नावही होतं; त्याचा अर्थ, ‘नवरे का बहकतात?’

नवरा-बायको फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्येही (१९१३) आहेत. पण तिथे संसाराची परीक्षा विश्वामित्र घेतात. राज्य जातं, तारामती विकली जाते. शिवाय तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं होतं. ‘गुणसुंदरी’त पत्नीचं काम करणारी बाईच आहे, आणि परीक्षाही घरगुती आहे.

गोष्ट साधी. बायको दिवसभर घरकामात बुडालेली. नवरा बाहेरचे व्याप घेऊन घरी येतो आणि हळूहळू एका नर्तकीकडे ओढला जातो. शेवटी बायकोही उंबरठा ओलांडते.

आता यात शहर कुठे आलं? शेतावर दोघांचं काम एकमेकांच्या डोळ्यांसमोर चालतं. शहरात त्याचं काम कचेरीत, तिचं चार भिंतींत. दोघंही दमतात, पण एकाचा शीण दुसऱ्याला दिसतच नाही. संसार विस्कटायला खलनायक लागत नाही, हे किंग व्हिडॉरनंही पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या एका कारकुनाच्या संसारातून ‘द क्राउड’मध्ये दाखवलं.

पण खरी मेख पुढे आहे. प्रश्न नवऱ्यांबद्दलचा, आणि उत्तर मागितलंय बायकोकडे! तिनं राबावं, शिवाय सोबतही द्यावी. म्हणजे कर्तव्याच्या यादीत एक कलम वाढलं, एवढंच? तसं म्हणता येईल. पण ती बाहेर पडते तेव्हा ‘कुठे जातोस?’ हा तिचा प्रश्न ‘कुठे जातेस?’ होऊन त्याच्या तोंडी येतो. वाट पाहणं म्हणजे काय, हे त्याला तेव्हा कळतं. कर्तव्य एकाच बाजूनं पाळलं तर ती चाकरी होते. दोन्ही बाजूंनी पाळलं तरच ते नातं ठरतं.

हा मूकपट आज उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेटायची, नाही तर कुजायची. आणि आपल्या पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते १९६४ साली. फिल्म गेली, प्रश्न मात्र आपल्या घरांत शाबूत आहे. आता दोघंही कचेरीत जातात. मग घरातला शीण कुणाच्या वाट्याला येतो? पुढच्या वेळी तिथून सुरुवात करू.